बाहेरचा माणूस आणि पक्षाचे दार



बीड मतदारसंघाने लोकसभेवर कोणाकोणास पाठविले त्याची यादी एकदा डोळ्यांखालून घालण्यासारखी आहे. १९५२ पासून १९७७ पर्यंत सहा निवडणुका झाल्या. त्यांपैकी तीन काँग्रेसने जिंकल्या आणि तीन डाव्यांनी. १९५२ साली पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे रामचंद्र गोविंद परांजपे, १९६७ साली भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे क्रांतिसिंह नाना पाटील, १९७७ साली मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे. आजच्या तरुण मुलांस ही नावे सांगितली तर त्यांना ती दुसऱ्या कुठल्या तरी जिल्ह्याची वाटतात. ज्या जिल्ह्यात निवडणूक म्हटली की दोनतीन घराण्यांपलीकडे नाव निघत नाही, त्याच जिल्ह्याने पाव शतकात निम्म्या वेळा सत्ताधारी पक्षाला घरी बसविले, ही गोष्ट त्यांना खरी वाटत नाही. पण ती सरकारी कागदावर आहे.

ह्या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय दिला तो असा: राजकारणाबाहेरच्या माणसाने निवडणुकीत उतरावयाचे तर मोठ्या पक्षात शिरून उतरावे, की अपक्ष म्हणून स्वतःच्या पायावर? विषय कोणा प्राध्यापकाला द्यावयाचा होता. आम्ही कामगार संघटनेतले. आमचे वाचन झाले ते एस. टी. च्या बाकड्यावर आणि संपाच्या मांडवात. त्यामुळे त्यात सलगपणा नाही. परंतु हा प्रश्न आम्हांस पुस्तकाने घातलेला नाही. दर निवडणुकीच्या आधी आमच्या ऊसतोड्या सभासदांची बैठक भरते आणि कोणी तरी उठून विचारतोच, “आपला माणूस कधी उभा राहणार, आणि राहणार तर कुणाकडून?” तेव्हा ह्या प्रश्नाचा इतिहास आपल्याच जिल्ह्याच्या अंगणात शोधावा, आणि अंगण अपुरे पडेल तेथे शेजारच्या आळीत डोकवावे, असे आम्ही ठरविले.

‘बाहेरचा’ हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी चालतो. एक गावाबाहेरचा, म्हणजे ज्याचा सातबारा आपल्या तालुक्यात नाही तो. दुसरा राजकारणाबाहेरचा, म्हणजे ज्याच्या घरात कारखान्याची चेअरमनकी नाही, बँक नाही, शाळा-कॉलेजांची संस्था नाही, तो. लोक पहिल्या अर्थावर फार तावातावाने बोलतात. आमच्या मते दुसराच अर्थ महत्त्वाचा आहे, आणि तो का, हे नाना पाटलांकडे आलो की कळेल.

आधी १९५२ चे पाहू. मराठवाड्यातला मतदार त्या साली आयुष्यात प्रथमच लोकसभेसाठी मतदान करीत होता. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत येथे निजामाचे राज्य. त्यात हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ साली ती नीट उभी राहण्यापूर्वीच बंदी आली होती. तिचा पहिला सत्याग्रह करण्यासाठी स्वामी रामानंदतीर्थांनी ज्या शाळेचे मुख्याध्यापकपद सोडले ती योगेश्वरी शाळा आपल्या अंबाजोगाईची. तेव्हा त्या गावाला सरकारदरबारी मोमिनाबाद म्हणत. स्वामीजी मूळचे सिंदगीचे, विजापूर भागातले, म्हणजे गावाबाहेरचेच. आणि संन्यासी, म्हणजे संसाराच्याही बाहेरचे. संन्यास घेण्यापूर्वी ते ना. म. जोशी ह्यांच्याजवळ कामगार चळवळीचे काम करीत असत, ही गोष्ट चरित्रकार एका ओळीत उरकतात. आम्हांस मात्र ती फार जवळची वाटते. ते जोशी स्वतः कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी म्हणून दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात वर्षानुवर्षे बसले, आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा होण्यामागे त्यांचा रेटा मोठा होता. त्यांना ना पक्षाचे तिकीट मागावे लागले, ना मतदारांपुढे हात जोडावे लागले. असो, ती सोय ब्रिटिशांबरोबर गेली.

अंबाजोगाईच्याच त्या मंडळींपैकी परांजपे, ज्यांना आपल्याकडे बाबासाहेब परांजपे म्हणून ओळखतात. स्वामीजी काँग्रेसमध्ये राहिले. १९५२ ला गुलबर्ग्याहून आणि १९५७ ला औरंगाबादेहून लोकसभेवर गेले. स्टेट काँग्रेसमधील डाव्या विचारांचे कितीतरी कार्यकर्ते मात्र पोलिस कारवाईनंतर बाहेर पडले; गोविंदभाई श्रॉफ त्यांतले प्रमुख. एकाच लढ्यातून आलेली, एकाच ताटात जेवलेली माणसे दोन वाटांनी गेली. परांजपे उभे राहिले ते पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटकडून. हैदराबाद राज्यात कम्युनिस्ट पक्षावर बंदी होती म्हणून ही आघाडी ह्या नावाने लढली. तिचे अध्यक्ष डॉ. जयसूर्य, सरोजिनी नायडूंचे चिरंजीव. तिचे सात खासदार निवडून आले, आणि नलगोंड्याच्या रावी नारायण रेड्डींना देशात सर्वांत जास्त मते पडली, खुद्द पंडित नेहरूंपेक्षा जास्त. त्या सातांतला एक आपला होता.

येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी. परांजपे मोठ्या पक्षात नव्हते, पण ते अपक्षही नव्हते. आघाडीचे नाव नवे होते. तिच्या मागची माणसे जुनी होती. त्यांनी सत्याग्रह केला होता, तुरुंग पाहिला होता, गावोगावची घरे त्यांना ठाऊक होती. म्हणजे निवडणूक येण्याच्या दहाबारा वर्षे आधीपासून संघटना होती; निवडणुकीला तिने फक्त एक पाटी लावली.

आता शेजारच्या आळीत जाऊ. मुंबई राज्यात हाच प्रश्न त्या सुमारास फार कडवटपणे विचारला जात होता. केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे हे बहुजन समाजाला काँग्रेसमध्ये नेणारे पुढारी. १९४६ च्या सुमारास त्यांना दिसू लागले की शेतकरी काँग्रेसमध्ये आला खरा, पण निर्णयाच्या बैठकीत त्याला जागा नाही. प्रथम त्यांनी काँग्रेसच्या आतच आपला गट बांधला. १९४८ साली काँग्रेसने पक्षांतर्गत पक्ष चालू द्यावयाचा नाही असे ठरविले. समाजवादी त्याच वर्षी नाशिकच्या अधिवेशनात बाहेर पडले, आणि शेतकरी कामगार पक्षही स्वतंत्र झाला. तो पक्ष काही काळ असा वाढला की महाराष्ट्रात काँग्रेसला धडकी भरावी. पण १९५४ साली जेधे काँग्रेसमध्ये परतले. मोरे १९५२ ला सोलापुरातून शेतकरी कामगार पक्षाचे खासदार होते. तेच १९६२ ला पुण्यातून काँग्रेसचे खासदार झाले. यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणात अशी पुष्कळ माणसे एकेक करून जमेच्या बाजूला मांडली गेली.

आमच्या चळवळीतले लोक ह्या बेरजेला नुसती गद्दारी म्हणून मोकळे होतात. आम्हांस ते मान्य नाही. यशवंतराव मोहिते त्याच वाटेने काँग्रेसमध्ये गेले, मंत्री झाले, आणि १९७२ ची कापूस एकाधिकार खरेदी योजना त्यांच्या हातून उभी राहिली. पुढे त्या योजनेचे काय वाटोळे झाले ते वेगळे; पण गेवराई-माजलगावच्या कापूसवाल्याला व्यापाऱ्याच्या काट्याखेरीज दुसरा काटा दिसला तो तिच्यामुळे. शेतकरी कामगार पक्षाच्या बाकावर बसून मोहित्यांना ते करता आले नसते. दुसऱ्या बाजूला सांगोल्याचे गणपतराव देशमुख. ते त्याच लहान पक्षात अखेरपर्यंत राहिले आणि अकरा वेळा विधानसभेवर निवडून गेले. त्यांचा मान कोणत्याही मंत्र्याहून कमी नव्हता. पण सांगोल्याच्या वेशीबाहेर त्यांचा पक्ष आकसतच गेला. दोघेही प्रामाणिक, दोघांनी वेगवेगळी किंमत मोजली.

ह्या सगळ्या येरझाऱ्यांत एक माणूस असा की ज्याने चार घरे बदलली आणि तरी त्याला कोणी फिरता म्हटले नाही. ते क्रांतिसिंह नाना पाटील. वाळवे तालुक्यातील येडे मच्छिंद्रचे. जन्म १९०० चा. तलाठ्याची नोकरी होती. १९३० च्या कायदेभंगात ती सोडली. १९४२ पासून भूमिगत. सातारचे प्रतिसरकार १९४३ ते १९४६ चालले. गावात न्यायदान मंडळे, संरक्षणाला तुफान सेना, आणि कर्ज न काढता लग्न लावावयाचे म्हणून गांधी विवाह. इतिहासाच्या पुस्तकात गोळीबार आणि खजिना ह्यांच्या कथा रंगवून येतात. आम्हांस त्यातले सर्वांत मोठे काम गांधी विवाहाचे वाटते. सावकाराचा पाया उपटावयाचा तर तो लग्नाच्या मांडवातून उपटावा लागतो, हे ज्याला कळले तो माणूस राजकारण शिकलेला होता.

स्वातंत्र्य आले, आणि हा मनुष्य काँग्रेसमधून शेतकरी कामगार पक्षात गेला. तेथून १९५१ साली दत्ता देशमुखांबरोबर कामगार किसान पक्षात. तेथून कम्युनिस्ट पक्षात. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत सातारहून लोकसभेत गेले आणि तेथे मराठीतून बोलले. आणि १९६७ ला, सदुसष्टीकडे झुकलेले असताना, आमच्या बीडमधून निवडून आले. त्या साली महाराष्ट्रातून कम्युनिस्ट पक्षाचे दोनच खासदार झाले. एक मुंबईच्या गिरणगावातून कॉ. डांगे, आणि दुसरे हे.

विचार करा. सातारचा माणूस, ज्याचे येथे शेत नाही, सोयरीक नाही, भावकी नाही. आज एखाद्याने शेजारच्या तालुक्यातून येऊन अर्ज भरला तर ‘पार्सल परत पाठवा’ म्हणून फलक लागतात. तेव्हा बीडने सातारकराला डोक्यावर घेतले. कोणी म्हणेल, तो त्यांच्या नावाचा प्रभाव. होताच. परंतु नुसत्या नावावर मतपेटी भरत नाही. पेटी भरली ती १९५२ पासून येथे काम करीत आलेल्या त्याच डाव्या मंडळींनी. पुन्हा पाटी बदलली होती, आघाडीऐवजी पक्ष, माणसे तीच. म्हणूनच दहा वर्षांनी, १९७७ ला, आणीबाणीनंतर, पक्षाची शकले झालेली असतानाही, ह्याच जिल्ह्याने गंगाधरअप्पा बुरांड्यांना निवडले. अप्पा तर अगदी इथल्या मातीतले. गावाबाहेरचा चालला, गावातलाही चालला, कारण त्या दोघांच्याही पाठीशी उभे राहणारे लोक एकच होते.

नानांचा पक्षबदल लोकांनी पोटात घातला त्याचेही कारण हेच असावे. ते पक्षाकडून मते घेत नव्हते. पक्षाला मते देत होते. ज्याच्याजवळ स्वतःची पुंजी आहे त्याने पेढी बदलली तर लोक पेढीला नावे ठेवतात, त्याला नाही.

मग ती पुंजी बीडमध्ये कोठे गेली? १९७१ ला काँग्रेसचे सयाजीराव पंडित, १९८० आणि ८४ ला केशरबाई क्षीरसागर, १९८९ ला जनता दलाचे बबनराव ढाकणे, आणि १९९६ पासून भारतीय जनता पक्ष व राष्ट्रवादी ह्यांचीच आलटून पालटून पाळी. गोपीनाथराव मुंड्यांनी १९८० साली आपल्याकडे लहान असलेला पक्ष हाती घेतला, १९८५ ला ते पडले, १९९० ला परत आले, आणि तोच पक्ष मोठा केला. ती वाट ना शिरण्याची, ना एकटे चालण्याची, तिसरीच. पण डाव्यांचे काय झाले? विद्वान लोक सोव्हिएत रशियाकडे बोट दाखवितात. आम्ही उत्तर अलीकडे, शिरूर-पाटोद्याच्या रस्त्यावर शोधतो. १९७२ च्या दुष्काळानंतर ऊसतोडीला जाणाऱ्यांचा लोंढा वाढत गेला. दिवाळी झाली की गाव रिकामे, पाडव्याच्या आसपास परत. जी संघटना गावच्या पारावर बैठक घेऊन जगते, तिचा अर्धा सभासद सहा महिने कोल्हापूर-सांगलीच्या फडात, पाचटाच्या कोपीत. तेथे त्याच्याबरोबर कोण जातो? मुकादम. उचल तोच देतो, औषधाला पैसे तोच देतो, भांडण तोच मिटवितो, आणि मताच्या दिवशी गाडीही तोच पाठवितो. आमच्या मते बीड जिल्ह्यातला सर्वांत मोठा पक्ष उचल हा आहे. त्याचे चिन्ह मतपत्रिकेवर छापलेले नसते एवढेच.

आणि योगायोग पाहा: ज्या वाळवे तालुक्यातून नाना पाटील आमच्याकडे आले, त्याच मुलखातल्या उसाला आमचा कोयता जातो.

आता १९८२ हे साल. मोठ्या पक्षात जावे की एकटे राहावे, ह्या प्रश्नाची दोन्ही उत्तरे त्या एका वर्षात मुंबईत तपासली गेली, आणि दोन्ही वेळा कामगार पुढाऱ्यावरच.

अण्णासाहेब पाटील हे पाटण तालुक्यातून आलेले. मुंबईच्या बाजारात पाठीवर ओझी वाहणाऱ्या माथाड्यांची संघटना त्यांनी बांधली. त्या चळवळीचे फळ म्हणजे १९६९ चा माथाडी कायदा. त्या कायद्याने रोजचा बेभरवशाचा हमाल मंडळाच्या नोंदणीत आला; मजुरी मालकाच्या हातून न येता मंडळामार्फत येऊ लागली; भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस हे शब्द त्याच्या तोंडी आले. पुढे अण्णासाहेब काँग्रेसचे विधान परिषदेवरील आमदार झाले. म्हणजे दार उघडून आत गेलेला माणूस. २२ मार्च १९८२ रोजी त्यांनी मराठा आरक्षणासह मागण्यांसाठी मुंबईत प्रचंड मोर्चा नेला. सरकार त्यांच्याच पक्षाचे होते. बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री. मागण्या मान्य झाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी, २३ मार्चला, अण्णासाहेबांनी स्वतःचा जीव संपविला. लोकांना तोंड कसे दाखवू, ह्या प्रश्नाने एक हमालांचा राजा गेला. पक्षाच्या आत बसलेल्या माणसाचा शब्द बाहेर लोकांत पडलेला असतो आणि तो पुरा करण्याची चावी दुसऱ्याच्या कमरेला असते. ह्या कोंडीचे इतके भीषण उदाहरण आम्हांस दुसरे माहीत नाही.

त्याच्या दोनच महिने आधी, १८ जानेवारी १९८२ ला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले होते. पगार आणि बोनस ह्या मागण्या होत्याच. खरी गाठ होती १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याची. त्या कायद्याखाली गिरण्यांत मान्यता एकाच युनियनला, आणि ती काँग्रेसशी जोडलेली राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार एकीकडे आणि कायद्याचा प्रतिनिधी दुसरीकडे. संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. तो झिजत गेला, आणि हजारो घरे उद्ध्वस्त झाली. त्यांतली काही आपल्या मराठवाड्यातलीही होती. १९८४ च्या निवडणुकीत इंदिराजींच्या हत्येनंतर काँग्रेसला देशात चारशेंवर जागा मिळाल्या. अशा लाटेत मुंबई दक्षिण मध्यमधून डॉ. सामंत अपक्ष म्हणून निवडून आले! अपक्षाचा एवढा मोठा विजय महाराष्ट्राने क्वचितच पाहिला असेल. पण चारशेंच्या समोर एक. ज्या कायद्याने संप मोडला तो कायदा त्या एका मताने हलला नाही. १९८९ ला ते पडले. १९९७ च्या जानेवारीत भरदिवसा त्यांचा खून झाला.

दोघांच्या मागे काय उरले ते मोजावे. माथाडी मंडळे उरली. हमाल आजही त्या मंडळाची पावती दाखवितो. ती मंडळे आली तेव्हा अण्णासाहेबांजवळ आमदारकीपेक्षा संघटना मोठी होती. सामंतांच्या खासदारकीतून उरले ते लोकांच्या मनातले प्रेम. ते थोडे नाही, पण त्यावर पेन्शन मिळत नाही.

आणखी मागे गेलो तर डॉ. आंबेडकर भेटतात. १९३६ ला त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९३७ ला मुंबई कायदेमंडळात लढविलेल्या बहुतेक जागा जिंकल्या, आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक तंटा विधेयकाविरुद्धच्या संपात कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावला. १९४७ ला ते नेहरूंच्या मंत्रिमंडळात गेले ते काँग्रेसचे सभासद न होता. १९५१ ला राजीनामा देऊन बाहेर आले. १९५२ ला मुंबईत आणि १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यात पडले. घटना लिहिणारा माणूस निवडणुकीत पडतो, ह्यावरून मतपेटीची अक्कल काढण्यात अर्थ नाही. काँग्रेसची गावागावांत गेलेली यंत्रणा काय चीज होती, एवढे त्यावरून समजावे.

ह्या जुन्या मंडळींच्या आणि आमच्या काळात एका कायद्याचे अंतर आहे, आणि ते कोणी ध्यानात घेत नाही म्हणून जरा खुलासा करतो. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. तेव्हापासून पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेल्याने सभागृहात पक्षादेश मोडून मत दिले तर त्याचे सभासदत्व जाऊ शकते. आणि अपक्ष निवडून आलेल्याने नंतर एखाद्या पक्षात प्रवेश केला तरी सभासदत्व जाते. म्हणजे नाना पाटील किंवा मोरे ह्यांना जी ये-जा करता आली ती आज एकट्या माणसाला नाही. मोठ्या टोळीने पक्षच उचलून नेला तर काय होते ते २०२२ आणि २०२३ ला सर्वांनी पाहिले. तो भाग निराळा. आमच्या एखाद्या सभासदाने मोठ्या पक्षाचे तिकीट घेतले आणि ऊसतोड्यांच्या विरुद्धचे विधेयक आले, तर त्याला हात वर करावाच लागेल. तो वाईट माणूस म्हणून नव्हे. कायदाच तसा आहे.

अपक्षाची वाट तर आणखी अरुंद. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. लोकसभेची अनामत १९५२ ला पाचशे रुपये होती. आज २५,००० आहे, अनुसूचित जाती-जमातींना तिच्या निम्मी. एकूण मतांच्या एक-षष्ठांश मते न पडल्यास ती जप्त. चिन्ह मिळते ते अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर, म्हणजे मतदानाच्या तोंडावर. पंजा-कमळ पोटातून शिकलेल्या मतदाराला दोन आठवड्यांत शिट्टी किंवा कढई शिकवावयाची. १९५२ ला लोकसभेत अपक्ष ३७ होते. १९९६ ला दहा हजारांवर अपक्ष लढले, नऊ निवडून आले. २०२४ ला सारे मिळून सात. महाराष्ट्रातून एकटे सांगलीचे विशाल पाटील, आणि ते तर वसंतदादांचे नातू. त्यांना बाहेरचे कोण म्हणेल?

अपवाद १९९५ चा. त्या वर्षी विधानसभेत ४५ अपक्ष आले आणि त्यांच्या टेकूवर युतीचे सरकार बसले. लोकांना वाटले, अपक्षांचे राज्य आले. प्रत्यक्षात त्यांतले पुष्कळसे काँग्रेसचेच तिकीट न मिळालेले पुढारी होते. घरचाच रुसलेला जावई. त्याला पाहुणा समजण्यात अर्थ नव्हता.

राजू शेट्टींचे उदाहरण मात्र खरे बाहेरच्याचे. ऊसदराच्या आंदोलनातून २००४ ला शिरोळचे आमदार, २००९ ला हातकणंगल्याचे खासदार, तेही साखरसम्राटांच्या नाकावर टिच्चून. २०१४ ला भाजपच्या आघाडीतून जिंकले, २०१९ ला काँग्रेस आघाडीतून पडले, २०२४ ला एकटे लढून पडले. तिन्ही वाटा एका माणसाने चालून पाहिल्या. ते लढले उसाच्या दरासाठी, तोडणीच्या दरासाठी नव्हे, ही आमची जुनी कुरकुर आहे. पण मालकाच्या अंगणात जाऊन काटा तपासण्याची हिंमत त्यांनी शेतकऱ्याला दिली हे नाकारता येत नाही.

आमच्या सभासदांच्या प्रश्नाकडे परत येऊ. ऊसतोडणीचा दर कोण ठरवितो? एका बाजूला साखर संघ, दुसऱ्या बाजूला मजुरांच्या संघटना, आणि मध्ये लवाद. हा लवाद वर्षानुवर्षे पवार-मुंडे लवाद म्हणून ओळखला गेला. २०२४ च्या जानेवारीत दरात ३४ टक्के वाढ ठरली ती ह्याच पद्धतीने. वाढ झाली हे चांगलेच. परंतु लवादाची नावे वाचा: दोन मोठ्या पक्षांतले दोन मोठे नेते. आणि ज्यांनी दर द्यावयाचा ते कारखान्यांचे चेअरमन कोणत्या पक्षांत आहेत? त्याच. महाराष्ट्रातला मोठा पक्ष म्हणजे मोठे जाजम. त्याच्या एका टोकाला कारखानदार बसतो आणि दुसऱ्या टोकाला मुकादम. आमचा माणूस तेथे गेला तर बसावयाला जागा मिळेल, चहाही मिळेल. पण ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे न्यावयाचे तोच शेजारी बसून पानाचा डबा पुढे करील.

मोठ्या पक्षांनी काहीच दिले नाही असे आम्ही म्हणत नाही. २०१९ ला ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ झाले. उसाच्या टनामागे कारखान्याचे दहा रुपये आणि तेवढेच सरकारचे, असे पुढे ठरले. मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहे निघाली. जे आहे ते आहे. मात्र त्याच २०१९ साली सरकारी समितीने आपल्या जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. ही गोष्ट बाहेर आणली ती स्त्री संघटनांनी आणि वर्तमानपत्रांनी. इतकी वर्षे निवडून गेलेल्यांपैकी एकानेही ती आधी सभागृहात का मांडली नाही, ह्याचे उत्तर आम्हांस हवे आहे. एका कोयत्यात बाई अर्धी असते. बैठकीत मात्र तिचा नवराच येतो. ह्यात आमच्या बैठकाही आल्या.

आणि मत देण्याचे तरी काय? २०२४ च्या विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते आणि गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून. ज्याला उचल फेडावयाची तो पाच दिवस थांबणार कसा? कोणी थांबले, कोणाला मुकादमाने गाडीने आणून परत नेले. ज्याने आणले त्याने बटणही सांगितले.

म्हणून गेल्या दोन निवडणुकांत आमच्याकडे तिकिटाचे निरोप घेऊन दोन वेगवेगळ्या पक्षांचे लोक आले तेव्हा आम्ही त्यांना चहा पाजला आणि एक कागद दिला. त्यावर तीन गोष्टी होत्या: तोडणी मजुराची नोंदणी माथाड्यांसारखी मंडळाकडे व्हावी, उचल मंडळामार्फत मिळावी, आणि फडावर असलेल्याला तेथूनच मत देण्याची सोय व्हावी. तिकीट कोणाला द्यावयाचे ते तुम्ही ठरवा, ह्या कागदावर सही करा, असे म्हटले. सही कोणी केली नाही. त्यावर आमच्यातले तरुण उसळून म्हणाले, मग आपणच अपक्ष उभे राहू. त्यांची तडफ आम्हांस आवडते. पण परांजप्यांच्या, नानांच्या, अप्पांच्या पाठीशी जे होते ते आज आमच्या पाठीशी किती आहे, हे मोजल्यावाचून अर्ज भरणे म्हणजे २५,००० रुपये सरकारजमा करणे. विधानसभेला दहा हजार, तेवढीच स्वस्ताई.

ते मोजण्याचे माप आमच्याकडे एकच आहे, वर्गणीची वही. ज्या कोयत्याने वर्षाची वर्गणी स्वतःच्या हाताने दिली तो आमचा, बाकी सारे सभेला आलेले. गर्दी आणि सभासद ह्यांत फरक करावयाला आम्ही गिरणी संपापासून शिकलो. ही वही आता गावच्या पारावर न ठेवता फडावर न्यावयाची असे गेल्या हंगामात ठरले. प्रत्येक टोळीमागे एक माणूस, मुकादमाच्या नात्यातला नसलेला, आणि जेथे जमेल तेथे बाई. काही टोळ्यांत मुकादमांनी वही फाडली, काहींत स्वतःच वर्गणी दिली! त्यांनाही कारखान्याकडून कमिशन वेळेवर मिळत नाही, हे त्यामागचे कारण आम्हांस नंतर कळले.

सध्या केज, धारूर, वडवणी आणि परळी ह्या चार तालुक्यांतल्या टोळ्यांच्या वह्या जमा झाल्या आहेत. पाटोदा आणि शिरूरच्या गाड्या ह्या आठवड्यात परत येत आहेत. त्या आल्या की राहिलेल्या वह्या मिळतील. अर्ज भरावयाचा की नाही, भरला तर कोणाच्या नावाने, आणि कोणा पक्षाशी लेखी करार करून की एकट्याने, हे त्यानंतरच्या बैठकीत ठरेल. ती बैठक दसऱ्याच्या आधी, कोयता पुन्हा निघण्यापूर्वी, घ्यावी लागेल.